बोरमाळ पेटीतच राहू द्या

पत्र :

नमस्कार दादा. मी बार्शी तालुक्यातल्या एका गावात राहते, घरी शिवणकाम करते. मुलीला दहावीनंतर सोलापूरला पॉलिटेक्निकला कॉम्प्युटर डिप्लोमाला प्रवेश मिळाला, ती हॉस्टेलवर राहणार आहे. लॅपटॉप घ्यायचा आहे. भिशीचे ३० हजार आणि ब्लाउजच्या शिलाईचे साठवलेले १२ हजार, असे ४२ हजार आहेत. पुण्यात कंपनीत असलेला पुतण्या म्हणतो, ग्राफिक कार्डवाला गेमिंग लॅपटॉप घ्या, ७० हजारांच्या खाली घेऊन उपयोग नाही. गावातला दुकानदार वापरलेला पण नव्यासारखा आय-७ लॅपटॉप २६ हजारांत देतो. कागदावर त्याने ‘आय ७ – ५६००यू, ८ जीबी, ५०० जीबी’ असं लिहून दिलंय. माझी बोरमाळ आहे, ती बँकेत ठेवली तर वरचे पैसे उभे राहतील. ठेवू का? मुलगी काही बोलत नाही, पण तिच्या मैत्रिणीकडे भारीतला आहे हे मला कळतं. आणखी एक, मी बचत गटाची सचिव आहे. लॅपटॉप सुट्टीत घरी आला की गटाचे ठराव त्यावर मराठीत टाइप करता येतील का?

– मुलीची आई

ताई, नमस्कार.

आधी बोरमाळेचं बोलतो. पत्रातली ती ओळ वाचली आणि दिवसभर ती मनातून गेली नाही. बोरमाळ ठेवू नका. ४२ हजार रुपये तुमच्या मुलीच्या तीन वर्षांच्या डिप्लोमाला पुरतात, आणि त्यातच वॉरंटी, बॅग असा वरखर्चही बसावा असा हिशेब मी खाली मांडणार आहे. लॅपटॉप दुकानातून बाहेर पडला की त्याच दिवसापासून त्याची किंमत उतरायला लागते. तीन वर्षांनी विकायला काढला तर निम्मे पैसेही हाती येत नाहीत. तारण ठेवलेल्या दागिन्याचं व्याज मात्र महिन्याच्या महिन्याला उभं राहतं. दर वर्षी फी, मेस, पुस्तकं यांचा खर्च येणार आहे. गरज पडलीच तर बोरमाळ त्या वेळी कामाला यावी.

मी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बरीच वर्षं काम करतोय. मुलं काय घेऊन येतात, कशात अडतात, वर्षभराने काय बिघडतं, हे रोज डोळ्यांपुढे असतं. ७० हजारांचा लॅपटॉप घेऊन आलेला मुलगा आणि ३५ हजारांचा घेऊन आलेली मुलगी एकाच बाकावर बसून एकच प्रोग्रॅम लिहितात, आणि दोघांचाही प्रोग्रॅम एकाच सेकंदात चालतो.

पुतण्याचं मन चांगलं आहे, त्याचा राग धरू नका. तो ज्या कामात आहे तिथे त्याला तसा लॅपटॉप लागत असेल. मुलीला आधी सी भाषा येईल, मग डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, जावा, पायथन, वेब पेज बनवणं आणि शेवटाकडे मोबाइलचं ॲप. यातल्या कशालाही वेगळं ग्राफिक कार्ड लागत नाही. ते लागतं मोठ्या गेमला, थ्रीडी डिझाइनला, व्हिडिओ एडिटिंगला. पुढे तिला मशीन लर्निंग शिकावंसं वाटलं तर गूगल कोलॅब नावाची सोय ब्राउझरमध्येच आहे. शिकण्यापुरतं ग्राफिक कार्ड तिथे फुकट वापरायला मिळतं. शिवाय गेमिंग लॅपटॉप दोन किलोच्या वर जातो, त्याचा अडॅप्टर विटेएवढा असतो आणि बॅटरी लवकर उतरते. शनिवारी एसटीने गावी येणाऱ्या मुलीने ते ओझं कशाला वागवायचं? दीड-पावणेदोन किलोचा लॅपटॉप तिला बरा.

आता दुकानदाराचा आय-७. तुम्ही त्याच्याकडून नंबर लिहून आणलात हे फार चांगलं केलंत, कारण सगळं त्या नंबरातच आहे. ‘आय ३, आय ५, आय ७’ ही इंटेल कंपनीच्या प्रोसेसरची, म्हणजे लॅपटॉपच्या मेंदूची, एका पिढीतली थोरली-धाकटी नावं आहेत. पिढी कळते ती पुढच्या आकड्यावरून. ५६००यू म्हणजे पाचवी पिढी. हा प्रोसेसर २०१५ सालचा आहे आणि त्यात दोनच कोर आहेत. कोर म्हणजे काम करणारे हात समजा. आज दुकानात मिळणारा आय ३ – १२१५यू हा बाराव्या पिढीचा आहे आणि त्यात सहा कोर आहेत, दोन मोठे आणि चार लहान. म्हणजे नव्या पिढीचा धाकटा जुन्या पिढीच्या थोरल्यापेक्षा कितीतरी पुढे आहे. दुसरी अडचण याहून मोठी. विंडोज ११ ला साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. मुदतवाढ मिळते, पण ती तात्पुरती. दुकानदाराने त्यात विंडोज ११ टाकून दाखवलं तरी ते आडवाटेने बसवलेलं असेल. त्या लॅपटॉपला २६ हजार देऊ नका. त्यातली ५०० जीबी बहुधा जुन्या पद्धतीची फिरणारी हार्ड डिस्क असेल, तीसुद्धा इतक्या वर्षांनी कधी मान टाकेल सांगता येत नाही.

वापरलेला लॅपटॉप घेणंच वाईट, असं मात्र मी म्हणत नाही. तुमच्याकडे २० हजारच असते तर मीच सांगितलं असतं की कंपन्यांमधून निघालेला थिंकपॅड किंवा लॅटिट्यूडसारखा दणकट लॅपटॉप शोधा, आठव्या पिढीच्या पुढचा, पक्क्या बिलाचा आणि निदान सहा महिन्यांच्या वॉरंटीचा. पण ४२ हजारांत नवा येत असताना त्या वाटेला जायची गरज नाही.

मग नवा कोणता? भाव दर आठवड्याला हलतात, म्हणून मी मॉडेलचं नाव देत नाही. नाव घेऊन गेलात आणि तो संपलेला असला तर दुकानदार भलताच गळ्यात मारेल. त्यापेक्षा काय बघायचं ते मनात पक्कं करा. माझा एकच हिशेब आहे : जे पुढे बदलता येत नाही त्यावर आज पैसे घाला, जे बदलता येतं ते थोडं कमी असलं तरी चालेल. प्रोसेसर, स्क्रीन आणि कीबोर्ड पुढे बदलणं परवडत नाही. रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती जागा, आणि एसएसडी, म्हणजे फायली साठवायची जागा, बऱ्याच लॅपटॉपमध्ये वाढवता येतात. सगळ्यांत नाही, तिथेच लोक फसतात.

प्रोसेसर इंटेलचा घेतलात तर आय ३ – १२१५यू किंवा १३१५यू तुमच्या बजेटमध्ये बसावा, सेलमध्ये आय ५ – १२३५यू मिळाला तर उत्तमच. नवीन नावांत ‘आय’ गेला आहे, नुसतं ‘कोअर ३’, ‘कोअर ५’ असं लिहिलेलं दिसेल, त्याने गोंधळू नका. पण आकड्याच्या आधी इंग्रजी ‘एन’ दिसला, उदाहरणार्थ एन१०० किंवा एन२००, तर तो ठेवून द्या. ती जात लहान कोरांची, हलक्या कामाची. पत्र टाइप करायला, व्हिडिओ बघायला ठीक, तीन वर्षं प्रोग्रॅमिंग शिकायला अपुरी. सेलेरॉन नावाच्या प्रोसेसरचंही तेच.

एएमडी या दुसऱ्या कंपनीचा रायझेन प्रोसेसरही चांगला असतो, पण इथे डोळ्यांत तेल घालून नंबर वाचा. रायझेन ५ – ७५२०यू आणि रायझेन ५ – ७५३०यू. दुकानात दोन्हींचे स्टिकर सारखेच दिसतात, दोन्हींवर ‘रायझेन ५’, दोन्ही ‘सात हजार सिरीज’. फरक फक्त तिसऱ्या आकड्यात, एकात २, दुसऱ्यात ३. एएमडीने २०२३ च्या या नंबरांत आतल्या रचनेची पिढी तिसऱ्या आकड्यात दडवली आहे. ७५२०यू मध्ये चार कोर आणि जुनी रचना, ७५३०यू मध्ये सहा कोर आणि त्यापुढची रचना. शिवाय ७५२०यू असलेल्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, पुढे एक जीबीसुद्धा वाढवता येत नाही. मागच्या वर्षी माझ्या भाच्यासाठी मी स्वतः दुकानात उभा असताना दुकानदाराने ७५३० सांगून ७५२० चा बॉक्स पुढे केला होता. फसवायचा हेतू नसावा, त्यालाही फरक ठाऊक नव्हता. म्हणून पैसे देण्याआधी बॉक्सवरचं लेबल मुलीला मोठ्याने वाचायला सांगा.

रॅम किती? ८ जीबीवर पहिली दोन वर्षं नीट निघतात. शेवटच्या वर्षी मोबाइलचं ॲप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ आला आणि त्यातला एमुलेटर, म्हणजे स्क्रीनवरचा खोटा फोन, उघडला की ८ जीबीचा लॅपटॉप धापा टाकतो. त्यालाही उपाय आहे. एमुलेटर न उघडता खरा अँड्रॉइड फोन केबलने जोडून ॲप थेट त्यावर चालवता येतं, आमच्या लॅबमध्ये निम्मी मुलं तेच करतात. तरीही १६ जीबी असेल तर सुखाचं. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत, कारण मेमरीचे कारखाने एआयच्या सर्व्हरांचा माल बनवण्याकडे वळले. पूर्वी मी डोळे मिटून सांगायचो, ‘आठ घ्या, वर्षभराने आठ टाका.’ आता तसं सांगत नाही. एकाच मॉडेलच्या ८ आणि १६ मध्ये चार-पाच हजारांचा फरक असेल आणि बजेटमध्ये बसत असेल, तर आत्ताच १६ घ्या. बसत नसेल तर ८ घ्या, पण रिकामा स्लॉट, म्हणजे रॅमची आणखी एक पट्टी घालायची जागा, असलेला.

रिकामा स्लॉट आहे की नाही, हे बघायला लॅपटॉप खोलावा लागत नाही. दुकानातल्या डेमोच्या लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबायची. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये जाऊन ‘मेमरी’वर क्लिक करायचं. खाली उजवीकडे बारीक अक्षरांत ‘स्लॉट्स यूज्ड’च्या पुढे ‘१ ऑफ २’ असं असेल तर एक जागा मोकळी आहे. त्याच्याच खाली ‘फॉर्म फॅक्टर’ असतं. तिथे ‘एसओडीआयएमएम’ असेल तर रॅमची पट्टी काढता-घालता येते. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर रॅम बोर्डावर चिकटलेली आहे. मुलीला हे एकदा घरी फोनवर वाचायला द्या, दुकानात ती एका मिनिटात बघेल. आणि पुढे कधी पट्टी घ्यायची वेळ आली तर डीडीआर४ की डीडीआर५ हे बघूनच घ्यायची. एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

साठवणीला एसएसडीच हवी, ५१२ जीबी. ‘ईएमएमसी’ असं लिहिलेलं काही दिसलं तर ते घेऊ नका, स्वस्तातल्या लॅपटॉपमध्ये ते असतं आणि वर्षभरात रांगायला लागतं. घरी आणल्यावर ५१२ च्या जागी ४७६ दिसेल. ती चोरी नव्हे, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. हे आधीच सांगतो, कारण दर वर्षी कुणीतरी पालक याच कारणाने दुकानदाराशी भांडून येतात.

स्क्रीन १९२० बाय १०८० ची असू द्या. १३६६ बाय ७६८ ची अजूनही विकतात. तिच्यावर कोडच्या ओळी थोड्याच मावतात आणि दिवसभर वर-खाली करून हात दुखतो. दुसरी परीक्षा साधी आहे. पांढरं पान किंवा एखाद्या माणसाचा फोटो उघडा आणि झाकण हळूहळू मागे न्या. चेहरा काळवंडला, रंग उलटे झाल्यासारखे वाटले, तर ती टीएन स्क्रीन. रंग तसेच राहिले तर आयपीएस. रोज चार-पाच तास त्याच्याकडे बघणाऱ्या पोरीसाठी आयपीएस घ्या, हजार रुपये जास्त पडले तरी.

कीबोर्डवर मुलीला दोन मिनिटं टाइप करून बघू द्या. बाकी कॅमेरा, स्पीकर, झाकण पत्र्याचं की प्लास्टिकचं, यात फार शिरू नका.

विंडोज मात्र आधीपासून असलेलाच घ्या. ‘डॉस’ लिहिलेला लॅपटॉप चार पैसे स्वस्त पडतो, पण त्यात विंडोज नसतं. मग कुणीतरी पाचशे रुपयांत क्रॅक, म्हणजे चोरीचं विंडोज, टाकून देतो आणि त्या क्रॅकबरोबर काय काय आत येतं ते कुणालाच दिसत नाही. ऑफिससाठीही वेगळे पैसे घालू नका. बऱ्याच लॅपटॉपबरोबर वर्ड-एक्सेल येतं. नसेल तर लिबरऑफिस फुकट आहे, आणि ते चोरीचं नाही.

हिशेब असा लावा : लॅपटॉप ३८ हजारांपर्यंत. उरलेल्या चार हजारांत एक वर्षाची वॉरंटी वाढवून मिळाली तर ती पहिली घ्या, दुकानदार देत असलेल्या ‘फ्री’ बॅग आणि माउसपेक्षा तिची किंमत मोठी आहे. मग पाणी आत न जाणारी बॅग आणि एक ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह. लॅपटॉप १६ जीबीचा मिळून ४० च्या पुढे गेला तर वॉरंटी नंतर, पहिलं वर्ष संपायच्या आत वाढवता येते का ते विचारून ठेवा. कंपनीचं सर्व्हिस सेंटर सोलापुरात आहे ना, हे तिच्या वेबसाइटवर बघा. बिल पक्कंच हवं, त्यावर लॅपटॉपचा सिरीयल नंबर लिहिलेला हवा. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणून ‘बिल नको असेल तर दोन हजार कमी करतो’ असं म्हणणारे भेटतात. बिल नसलं तर वॉरंटीसाठी भांडायला हातात काहीच राहत नाही. ऑनलाइन घेतलात तर बॉक्स फोडण्याआधीपासून कुणाला तरी मोबाइलवर व्हिडिओ काढायला उभं करा.

आणि घाई करू नका. पहिल्या सहामाहीत लॅबमधल्या कॉम्प्युटरवर भागतं. दसरा-दिवाळीच्या सेलपर्यंत थांबायची तयारी असेल तर थांबा, मुलीचं काही बुडणार नाही.

लॅपटॉप घरी आल्यावरची पहिली संध्याकाळ मला खरेदीइतकीच महत्त्वाची वाटते. त्याचं कारण सांगतो.

दोन वर्षांपूर्वी शेवटच्या वर्षाची एक मुलगी सबमिशनच्या आदल्या दिवशी लॅबमध्ये आली. तोंडातून शब्द फुटत नव्हता. तिने लॅपटॉप उघडून माझ्यापुढे ठेवला. पूर्ण निळी स्क्रीन, आणि मधोमध एक चौकट, ‘रिकव्हरी की’ टाका. ही की ४८ आकड्यांची असते, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. रात्री एक अपडेट झालं होतं आणि सकाळी लॅपटॉपने ही की मागितली. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन केलं की बऱ्याच लॅपटॉपची डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि त्या कुलपाची किल्ली त्याच खात्यात जाऊन बसते. सोय चांगली आहे. लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला आतलं काही वाचता येत नाही. पण तिचा लॅपटॉप सुरू करून दिला होता दुकानातल्या पोराने, स्वतःच्याच ईमेलने. तो पोरगा काम सोडून गेलेला, फोन बंद. आम्ही दुपारपर्यंत झटलो. शेवटी सगळं पुसून विंडोज नव्याने टाकावं लागलं. प्रोजेक्ट गेला, पहिल्या वर्षापासूनच्या नोट्स गेल्या. पुसण्याच्या बटणावर मीच क्लिक केलं. ती शेजारी उभी होती. तेव्हापासून मी प्रत्येक पालकाला हे सांगतो.

म्हणून दुकानात लॅपटॉप फक्त चालू होतो का एवढंच बघा, ‘सेटअप करून देतो’ म्हणाले तर नको म्हणा. घरी मुलीच्या स्वतःच्या नावाने, तिच्या स्वतःच्या मोबाइल नंबरवर खातं उघडा. पासवर्ड तिने ठरवावा. मग त्याच खात्यात ब्राउझरवरून जाऊन, ‘डिव्हाइसेस’मध्ये आपल्या लॅपटॉपच्या नावाखाली ती रिकव्हरी की असेल तर ती वहीत उतरवून घ्या. ती वही तुमच्याकडे, गावाकडे ठेवा, हॉस्टेलवर नको.

पहिले अपडेट काही जीबींचे असतात. तुमच्या मोबाइलचा रोजचा दीड जीबीचा पॅक त्यात अर्ध्या तासात संपेल. कुणा नातेवाइकाकडे ब्रॉडबँड असेल तर पहिली संध्याकाळ तिथे काढा. नंतर हॉटस्पॉटवर वापरताना वायफायच्या सेटिंगमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा, म्हणजे विंडोज मनाने मोठे अपडेट ओढत नाही. बरोबर आलेलं महिना-दोन महिन्यांचं ट्रायल अँटिव्हायरस काढून टाका. मुदत संपली की ते रोज पैसे मागतं, आणि विंडोजचं स्वतःचं संरक्षण विद्यार्थ्याला पुरेसं आहे. वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवण, डेस्कटॉपवरच्या फायली आपोआप वर चढवतं. फुकट जागा फक्त ५ जीबी आहे, ती भरली की सारखे इशारे येतात. त्यात फक्त अभ्यासाचं एक फोल्डर ठेवा, आणि तेच फोल्डर दर रविवारी पेन ड्राइव्हवर उतरवायची सवय मुलीला लावा.

बॅटरी हॉस्टेलवर दिवसभर चार्जिंगला लावून ठेवायची असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय बहुतेक कंपन्या देतात, कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये. ती चालू केली की बॅटरी जास्त वर्षं टिकते. घरचं मीटर जुनं आहे, व्होल्टेज वर-खाली होतं, म्हणून स्टॅबिलायझर घ्यावा का, असं बरेच जण विचारतात. अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, तेव्हा वेगळा स्टॅबिलायझर नको. पण तीन पिनांचा सॉकेट वापरा आणि त्याला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून बघून घ्या. अर्थिंग नसलं की काही लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येतात.

आता तुमचा प्रश्न, जो तुम्ही पत्राच्या शेवटी अगदी संकोचून विचारलात. होय, ताई, येईल. विंडोज ११ मध्ये मराठी आधीपासून आहे, काही विकत घ्यावं लागत नाही. सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, त्यात ‘लँग्वेज अँड रीजन’, तिथे ‘ॲड अ लँग्वेज’ करून मराठी निवडायचं. मग विंडोजचं बटण दाबून धरून स्पेस दाबली की इंग्रजीवरून मराठीवर जाता येतं. दोन प्रकारचे कीबोर्ड मिळतात. फोनेटिकमध्ये इंग्रजी स्पेलिंगच्या अंदाजाने टाइप करायचं, आठवड्यात हात बसतो. इन्स्क्रिप्टमध्ये अक्षरांच्या जागा ठरलेल्या असतात. डाव्या हाताला बहुतेक स्वर आणि काने-मात्रे, उजव्या हाताला व्यंजनं. महिनाभर त्रास होतो, पण एकदा बोटांना जागा कळल्या की वेग येतो. शिवणयंत्रावर इतकी वर्षं हात-पाय वेगवेगळे चालवलेल्या बाईला इन्स्क्रिप्ट अवघड जाणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

इन्स्क्रिप्टमध्ये एक गोष्ट सुरुवातीलाच शिकून घ्या, कारण गटाच्या ठरावात ती पहिल्याच ओळीत अडेल. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. पहिल्यात रफार, दुसऱ्यात आपला अर्धा ‘ऱ्’. ‘दर्या’ लिहायला कीबोर्डवरच्या इंग्रजी अक्षरांप्रमाणे ओ, जे, डी, मग उजव्या शिफ्टच्या डावीकडची तिरकी रेघ, आणि शेवटी ई. ‘दऱ्या’साठी सगळं तेच, फक्त जे दाबताना शिफ्ट दाबून धरायचं. हे जमलं नाही तर ‘शेतकऱ्यांना’ आणि ‘कर्मचाऱ्यांना’ लिहिताना ‘र’ उडून ‘य’च्या डोक्यावर जाऊन बसतो, आणि मग माणूस वैतागून मराठी टाइपिंगच सोडतो. ‘ळ’ शिफ्ट आणि एनवर, ‘ण’ शिफ्ट आणि सीवर. मराठी अक्षरांचे चिकटवायचे स्टिकर मिळतात, पण मुलीच्या कीबोर्डवर ते लावू नका. कागदावर तक्ता काढून समोर भिंतीला लावा.

मैत्रिणीच्या लॅपटॉपचं तुम्ही लिहिलंत. मुलीशी एकदा मोकळेपणाने बोला. पैसे कुठून आले, कितीपर्यंत जायचं, बोरमाळेचा विचार का सोडला, सगळं सांगा. तिला लहान समजू नका. वरचे नंबर तिच्याच हातात द्या आणि दुकानात निवड तिलाच करू द्या. स्वतः पारखून घेतलेली वस्तू मुलं फार जपतात, हे मी लॅबमध्ये दर वर्षी बघतो.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली की एक दिवस लॅपटॉप तुमच्याकडे मागून घ्या. मागच्या बैठकीचा ठराव वहीतून बघून टाइप करा. चुका असू द्यात, दुरुस्त करत बसू नका, झाला आहे तसाच मला पाठवा. कुठे बोट अडतंय ते बघून पुढच्या वेळी त्यावरच लिहीन.